आयसीयूच्या दारात पोहोचण्याआधी

एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये त्यांचे अब्बा आणि चाचा एकाच आठवड्यात कोरोनाने आयसीयूत दाखल झाले. दवाखाना एकच, डॉक्टर तेच, औषधेही जवळजवळ तीच. चाचा अठराव्या दिवशी घरी आले. अब्बा आले नाहीत. त्या लिहितात, "अब्बांना व्हेंटिलेटर लावला म्हणूनच ते गेले, असे घरात आजही बोलले जाते. संमतीच्या कागदावर सही माझी होती. माझी चूक झाली का?"

भगिनी, ती सही चूक नव्हती. हे आम्ही केवळ तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, त्यामागे कारण आहे. साथ सरून काही वर्षे झाली, तरी असा प्रश्न मनात घेऊन जगणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत.

साथीच्या सुरुवातीला इटलीच्या लोंबार्डी प्रांतावर मोठा घाला पडला. तेथील डॉक्टरांनी २० फेब्रुवारी ते २२ एप्रिल २०२० या काळात आयसीयूत आलेल्या ३,९८८ कोरोना रुग्णांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या. दर दहा रुग्णांत आठ पुरुष होते. निम्म्या रुग्णांचे वय ६३च्या वर होते. सुरुवातीच्या १,७१५ रुग्णांपैकी ९१५ जण दवाखान्यातच दगावले, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. आधुनिक साधने असलेल्या श्रीमंत प्रांतातली ही गोष्ट आहे.

या नोंदींतला एक आकडा तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. दाखल होतानाच सुमारे ८७ टक्के रुग्णांना घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला होता. म्हणजे जे वाचले, त्यांच्यातलेही बहुतेक जण व्हेंटिलेटरवरूनच परत आले. फुप्फुसे थकली की हे यंत्र श्वासाचा भार उचलते आणि त्यांना सावरायला वेळ मिळवून देते. त्याचे स्वतःचे धोके आहेत, ते डॉक्टरही नाकारत नाहीत. पण ते सर्वांत गंभीर रुग्णालाच लावले जाते, म्हणून त्यावरच्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसतात. आग मोठी असते तिथे बंब जास्त दिसतात. म्हणून आग बंबाने लावली असे कोणी म्हणत नाही.

मग कोण वाचले आणि कोण गेले, यातला फरक कशाने पडला? लोंबार्डीच्या डॉक्टरांनी एकेक कारण वेगळे करून पाहिले. वय जितके जास्त, तितका धोका जास्त. पुरुषांना स्त्रियांच्या दीडपटीहून थोडा अधिक. फुप्फुसांचा जुना आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो असेल तरीही दीडपटीहून अधिक. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर सुमारे पाव पट जास्त आणि मधुमेह असेल तर सुमारे १८ टक्के जास्त. रक्तदाब तर दर दहांत चार रुग्णांना होता, पण बाकी गोष्टी जमेस धरल्यावर स्वतंत्र कारणांच्या यादीत त्याचे नाव आले नाही. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांबद्दल तेव्हा अफवा उठली होती, त्यांचाही मृत्यूशी स्वतंत्र संबंध आढळला नाही. त्या भीतीने ज्यांनी गोळ्या बंद केल्या, त्यांनी उगाच दुसरे संकट ओढवून घेतले.

या यादीत आणखी एक गोष्ट होती: आयसीयूत पाऊल ठेवताना रुग्णाच्या ऑक्सिजनची अवस्था काय होती. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि निरोगी फुप्फुसांना तेवढा पुरतो. ज्याला त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन देऊनही तो रक्तात उतरत नाही, त्याची फुप्फुसे आधीच फार खचलेली असतात. असे रुग्ण जास्त दगावले.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे. चाचांना नेले तेव्हा ऑक्सिजन ८९ होता. अब्बांना नेले तेव्हा ७२. अब्बांचे वय ६९, साखर बारा वर्षांपासूनची, आणि पाच दिवस "आज बरे वाटेल, उद्या बरे वाटेल" म्हणत ते घरीच राहिले. त्यांच्या जाण्याचे नेमके कारण इतक्या दुरून आम्ही सांगू शकत नाही. अशा याद्या हजारो रुग्णांबद्दल बोलतात, एका माणसाचा निकाल देत नाहीत. वय झालेले, साखर असलेले अनेक जण घरी परतले आणि धडधाकट तरुणही गेले. पण दोघे भाऊ त्या दारात सारख्या अवस्थेत पोहोचले नव्हते, एवढे मात्र दिसते.

ते पाच दिवस का गेले, याचाही विचार व्हायला हवा. कोरोनाचा दगा असा की ऑक्सिजन खाली आला तरी कित्येकांना धाप जाणवत नसे. माणूस चहा पीत, फोनवर बोलत बसलेला असे. शिवाय त्या महिन्यात खाट मिळणे मुश्कील होते आणि मनात भीती होती. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी कोरोनाने मरण पावलेल्या सर्वांचे दहन करावे असा आदेश निघाला होता. तो त्याच दिवशी फिरवला गेला, पण भीती मागे राहिली. 'दवाखान्यात गेलो तर दफनही नशिबी नाही' हे वाक्य आम्ही स्वतः किती घरांत ऐकले! त्यात 'व्हेंटिलेटर लावला की संपले' ही अफवा. लोक घाबरून थांबले, उशिरा पोहोचले, उशिरामुळे व्हेंटिलेटर लागला, काही गेले, आणि अफवा खरी ठरल्यासारखी वाटली. हा दोष एका मुलीच्या सहीवर टाकणे इन्साफाचे नाही.

आपल्याकडे त्याच वर्षी आणखी एक प्रकार झाला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले होते. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा दिसला नव्हता. ही दुसरी ओळ मोबाइलवर फिरलेल्या चिठ्ठ्यांत नव्हती. घरोघरी ताप आला की स्टेरॉइड सुरू झाले. स्टेरॉइडने साखर वाढते. काळ्या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात जे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे बेताल साखर आणि गरज नसताना घेतलेले स्टेरॉइड यांचा मोठा हात होता.

वय आणि जन्म आपल्या हातात नाही. बाकी यादी पुष्कळशी घरातच घडते. घरातल्या बुजुर्गांची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीएवनसी' तपासणी शेवटची कधी झाली, ते आजच विचारा. रमजान येण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्या. बिडी-सिगारेट सुटत नसेल तर मदत घ्या. आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या दादी-नानीचा जुना खोकला 'वयाचा' म्हणून सोडू नका, सीओपीडी धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो. कोरोना असो, फ्लू असो वा साधा न्यूमोनिया, श्वासाचा आजार असेल तर ऑक्सिमीटर लावा. निवांत बसलेले असताना, हात उबदार आणि नखे नेलपॉलिशविना असताना आकडा ९४च्या खाली टिकून राहिला, तर रात्र काढू नका. लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून ठेवा. धावपळीत तोच कागद डॉक्टरांच्या कामी येतो.

मौत आपल्या वेळी येते, हे आपण सगळे मानतो. पण इलाज करणे, आणि तो वेळेवर करणे, हेही आपल्यावरच सोपवलेले आहे.

भगिनी, तुम्ही सही केली तेव्हा अब्बांसाठी जे करता येण्यासारखे होते, ते सगळे करायला तुम्ही होकार दिलात. घरात पुन्हा तो विषय निघाला, तर हे पान वाचून दाखवा. आणि चाचांची साखर तपासून घ्या.