सुई कशाने ढळते?



गेल्या पावसाळ्यात चर्चच्या तरुणांना घेऊन आम्ही चोर्ला घाटाच्या रानात गेलो. धुके उतरले, मोबाइलची रेंज गेली, दोन तास वाट सापडेना. पिशवीत नकाशा आणि होकायंत्र होते. वापरता कुणालाच येत नव्हते. चूक आम्हा मोठ्यांचीच.

आता आम्ही शिकतो आहोत. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. नकाशा आडवा धरून त्याची उत्तर सुईच्या उत्तरेशी जुळवायची. मोबाइल किंवा चाकू जवळ असला, की सुई ढळते.

मनाचेही तसेच. प्रभूची दिशा बदलत नाही. आपण उराशी धरलेल्या वस्तूच आपल्याला ढळवतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: आधी चर्चच्या अंगणात सराव, मगच डोंगर. दुसऱ्यांची लेकरे विश्वासाने आपल्या हाती दिलेली असतात.