मौन म्हणजे संमती नव्हे

जिवंतपणी नकार नोंदविला नाही म्हणजे अवयवदानास संमती, असा कायदा करण्याची मागणी अधूनमधून होते. हेतू उदात्त, गृहीतक घातक. 1949 च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपविण्याची तरतूद केली. बेवारस ठरतो कोण? गरीबच! मालवणच्या खलाशाला गंभीर उपचारांसाठी गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. त्याच्या मौनावर शासनाने कोणत्या तोंडाने हक्क सांगावा? स्पेनने 1979 मध्ये असा कायदा केला, तरी तेथे नातेवाइकांना विचारले जातेच. यश आले ते रुग्णालयांतील प्रशिक्षित समन्वयकांमुळे. 1994 च्या भारतीय कायद्यातील स्पष्ट संमतीचे तत्त्व टिकलेच पाहिजे. कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन दान मागावे. न मागता घेतलेले, ते दान नव्हे, ती वसुली!