पातूरचा कापूस आणि जिनिव्हाचे न्यायपीठ

पातूर तालुक्यातील कापूस बाजारात येतो, तेव्हा त्याचा भाव केवळ स्थानिक आवक पाहून ठरत नाही. दूरदेशीच्या सरकारांची धोरणेही त्यात उतरलेली असतात. वऱ्हाडाला हे नवे नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडाच्या कापसाकडे वळल्या. युद्ध संपताच भाव कोसळले. त्या काळी दाद मागावी कोठे, हा प्रश्नच होता.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि जिनिव्हा येथे दाद मागण्याची सोय झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य. अमेरिकेच्या अनुदानामुळे जगात कापसाचे भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये केली; त्या खटल्यात भारतही त्रयस्थ पक्ष होता. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या गरीब देशांनी हेच गाऱ्हाणे संघटनेपुढे मांडले. २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली. दुर्बळाचे म्हणणे सबळाला ऐकावे लागते, हे तेथे सिद्ध झाले.

परंतु २०१४ मध्ये तडजोड झाली, ती ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन. वऱ्हाडाच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले काही पडले नाही. उलट २०१८ मध्ये भारताच्या कापूस हमीभावावरच अमेरिकेने आक्षेप घेतला. अपील मंडळावरील नेमणुकाही तिने रोखून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प आहे.

त्याची किंमत २०२५ मध्ये दिसली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. कापड उद्योगाला आधार म्हणून सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केले. गिरणीला दिलासा मिळाला; ऐन हंगामात परदेशी कापूस शुल्कमुक्त आल्याने शेतकऱ्याच्या भावाची चिंता मात्र वाढली. तक्रार नोंदवता येते, पण हरलेल्या पक्षाने अपील केले की निकाल तेथेच अडकतो.

कापूस, सरकी, कापड यांच्या व्यापारात असलेल्या घरांना हा विषय परका नाही. सभागृह आजही भरते, चर्चाही होते. परंतु निवाडा न देणारी सभा शेवटी सबळाच्याच सोयीची ठरते. म्हणून जिनिव्हाचे ते न्यायपीठ पुन्हा उभे राहावे, यात पातूरच्या शेतकऱ्याचे आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याचे हित एकच आहे.