पत्रिका ठेवून घेणारे

सोयरिकीसाठीं आलेली पत्रिका ठेवून घ्यावी आणि 'जमते' असेंही कळवूं नये, 'जमत नाहीं' असेंही कळवूं नये, ह्यासारखा अविचार नाहीं. आमच्या सदाशिव पेठेस तुटकपणाबद्दल बोल लागतो; परंतु नकार द्यावयाचा तर पेठ तो तोंडावर देते.

न्यायाधीशांच्या नेमणुकींत मात्र हा अविचार राजरोस चालतो. अमेरिकेंत २०१६ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति स्कालिया निवर्तले. अध्यक्ष ओबामा ह्यांनीं मार्चांत गार्लंड ह्यांचें नांव सुचविलें. अशा नांवास सेनेट सभेची संमति लागते. वर्ष निवडणुकीचें आहे, नवा अध्यक्ष काय तें पाहील, असें म्हणून तेथील बहुमतवाल्यांनीं तें विचारासच घेतलें नाहीं. २९३ दिवस तें पडून राहिलें. पुढें २०२० सालीं त्याच पक्षानें, मतदानास आठ दिवस उरले असतां, आपल्या अध्यक्षानें सुचविलेल्या बॅरेटबाईंस संमति दिली! आपल्याकडे तर कोणती ना कोणती निवडणूक असतेच. मोकळें वर्ष मिळावयाचें कधीं?

येथें ह्या कामीं कायदेमंडळाचा हात नाहीं. १९९३ च्या निकालापासून नांवें ठरवितें न्यायमूर्तींचें मंडळ, आणि नेमणूक निघते सरकारांतून. मुंबई उच्च न्यायालयासाठीं सोमशेखर सुंदरेसन ह्यांचें नांव फेब्रुवारी २०२२ मध्यें सुचविलें गेलें. त्यांनीं समाजमाध्यमांवर मतें मांडलीं म्हणून सरकारनें तें परत धाडलें. जानेवारी २०२३ मध्यें मंडळानें तेंच पुन्हा पाठविलें. परत धाडणें हा आम्ही दोष मानीत नाहीं. तें उत्तरच झालें. दोष आहे तो पुढील दहा महिन्यांच्या मौनाचा. नेमणूक निघाली नोव्हेंबरांत. मंडळानें एकमतानें पुन्हा धाडलेल्या नांवाची नेमणूक तीन-चार आठवड्यांत व्हावी, असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्येंच सांगितलें होतें. अर्थात् उच्च न्यायालयांनींही जागा रिकामी होण्यापूर्वीं सहा महिने नांवें धाडावयाचीं असतात. तेंही नेहमीं घडत नाहीं.

१८९३ सालीं न्यायमूर्ति तेलंग वारले आणि त्याच वर्षीं आपले रानडे उच्च न्यायालयावर नेमले गेले. सरकार परकें, हुकूम विलायतेहून सुटावयाचा, तरीही.

आज मुंबईस मंजूर जागा ९४. त्यांतील एक रिकामी राहिली कीं तिच्यापुढील कामें इतरांच्या माथीं पडतात. कोल्हापुरास २०२५ पासून न्यायालयाचें खंडपीठ बसूं लागलें, पण पुणेकरास अपिलासाठीं मुंबईच गांठावी लागते. आमच्या पाहण्यांतील एका वाड्याच्या वाटणीचें अपील ज्यांनीं लावलें ते गृहस्थ कैलासवासी झाले. आतां तारखेस त्यांचा नातू जातो.