शब्दांची गंमत : एक शब्द, दोन घरं

मुलांनो, या आठवड्यात तुमच्या बाईंचीच फजिती झाली, बरं का!

इंग्रजीच्या तासाला मी शब्द लिहायला सांगत होते. 'राइम' म्हणजे यमक, यमक जुळवून केलेली कविता. सगळ्यांनी लिहिलं आर, एच, वाय, एम, ई. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र लिहिलं आर, आय, एम, ई. मी लाल पेनाने फुली मारली. वर "एच काय उंदराने खाल्ला?" असंही म्हणाले. वर्ग खो खो हसला. तो मान खाली घालून बसला.

मधल्या सुट्टीत तो हळूच आला. "बाई, ताईच्या कॉलेजच्या पुस्तकात एका कवितेच्या नावात असंच आहे."

मी जाडजूड शब्दकोश काढला. पाहते तर काय, तो शब्द होता आणि तोही दोनदा!

पहिला राइम थंडीचा. कडाक्याच्या थंडीत डोंगरावर धुकं पडतं ना, त्यातले बारीक थेंब कधी कधी शून्य अंशाखाली जाऊनही पाणीच राहतात. पण फांदीला, तारेला किंवा दगडाला टेकले की लगेच गोठतात. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला पांढराशुभ्र, खरबरीत थर चढत जातो. तो राइम. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर दव गोठतं, त्याचाच हा भाऊबंद समजा. हा शब्द अगदी जुन्या इंग्रजीतला.

दुसरा राइम कवितेचा. तो फ्रेंचमधून आला आणि पूर्वी असाच, एच-वायशिवाय लिहीत. पुढे विद्वानांनी त्याचं नातं 'रिदम' या मूळच्या ग्रीक शब्दाशी जोडलं आणि त्यात एच आणि वाय शिरले. पण कोलरिज या इंग्रज कवीने १७९८ साली म्हाताऱ्या खलाशाची दीर्घकविता छापली, तेव्हा नावात जुनंच स्पेलिंग ठेवलं. ताईच्या पुस्तकातली कविता तीच! आणि गंमत म्हणजे, त्या खलाशाचं जहाजही बर्फात अडकतं.

म्हणजे दिसायला सारखे, पण घरं वेगळी. आपल्याकडे 'नाव' नाही का? एक नाव आपल्याला हाक मारायला, दुसरी नदी पार करायला. पहिलं 'नाम'वरून आलं, दुसरी 'नौ'वरून. आजोबांच्या जुन्या पुस्तकात पहिल्या नावावर अनुस्वार दिसेल : 'नांव'. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो गेला आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर ती फुली खोडली. म्हटलं, "आज यमकासाठी एच-वायचंच स्पेलिंग लिहायचं. पण याने लिहिलेलंही कोशात आहे. चूक माझी झाली. फुली मारण्याआधी 'हे कुठे वाचलंस?' असं विचारायला हवं होतं." मागच्या बाकावरची मान वर झाली. हसू तर कानापर्यंत!

पालकांनो, तुम्हीही विचारून पाहा हं.

आणि मुलांनो, 'माळ' आणि 'कर' या शब्दांचे दोन-दोन अर्थ शोधून ठेवा. भेटू पुढच्या अंकात!