नाव परीक्षकाचे, करणाऱ्याचे नव्हे

घरी केलेल्या पदार्थाची पारख घरच्यांकडून होत नसते. पाहुणाही ‘वा, फक्कड!’ म्हणूनच पानावरून उठतो. ज्याला चकलीत मोहन जास्त पडल्याचे कळते, तोदेखील आणखी एक चकली उचलून गप्प बसतो. पाहुणचारापुरते हे ठीकच आहे. पण ज्याला आपला हात सुधारायचा आहे त्याने जावे कोणाकडे?

अमेरिकेतल्या काही छांदिष्ट मंडळींनी याची सोय करून ठेवली आहे, आणि तीही घरी केलेल्या बिअरसाठी! काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत बापड्या. पेयाची शिफारस येथे करावयाची नाही. रीत पाहण्याजोगी आहे.

तेथील दारूबंदी 1933 साली उठली. घरी वाइन करण्यास मुभा मिळाली. बिअरसाठी मात्र 1978 उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅत्झेन यांनी घरगुती बिअर करणाऱ्यांची संस्था काढली, आणि 1979 पासून तिची स्पर्धा सुरू झाली. ही बिअर विकण्यास कायद्याने बंदी आहे. गिऱ्हाईक नाही, तेव्हा तोंडावर खरे सांगणाराही कोणी नाही. म्हणून पुष्कळ जण स्पर्धेत बाटल्या धाडतात त्या बक्षिसासाठी नव्हे, तर शेऱ्यासाठी.

बाटलीवर करणाऱ्याचे नाव नसते; असतो तो फक्त नोंदीचा क्रमांक आणि प्रकार. किमान दोन परीक्षक ती चाखतात आणि ठरलेल्या तक्त्यावर लिहितात: वासाला 12 गुण, रूपाला 3, चवीला 20, तोंडात लागणाऱ्या पोताला 5, एकंदर ठशाला 10. अगदी बिघडलेल्या बिअरलाही सौजन्य म्हणून सहसा 13 च्या खाली उतरवीत नाहीत. पण आकड्यांपेक्षा मोलाचा तो शेजारचा मजकूर. लोण्यासारखा वास आला, तर यीस्टवरून बिअर लवकर काढली असावी, किंवा भांड्यात जंतू शिरले असावेत. हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर ती अजून कच्ची आहे. उकडलेल्या मक्याचा असेल तर उकळी जोरदार आली नाही. ओल्या पुठ्ठ्याचा असेल तर हवा लागली. ‘छान आहे, पण काहीतरी कमी वाटते’ एवढ्यावर तेथे सुटका नाही. कमी काय आणि ते कशाने, हे लिहावे लागते. आणि त्या कागदावर परीक्षकाचे नाव असते! हे परीक्षकही स्वतः परीक्षा देऊन आलेले असतात. 1985 पासून त्यासाठी वेगळी यंत्रणाच आहे.

या रीतीत खोट नाही असे नाही. बिअर ज्या प्रकारात नोंदवली त्या प्रकाराच्या मापानेच ती तोलतात. तेव्हा एखादी झकास कडवट बिअर सौम्य पिल्सनरच्या रांगेत चुकून गेली की तिची धडगत नाही. शिवाय दोन परीक्षकांच्या गुणांत फार अंतर पडले, तर ते आपसांत बोलून ते कमी करतात. मला हे पटत नाही. दोन जाणत्या जिभांना एकच घोट वेगळा लागला, हीदेखील करणाऱ्याने जाणण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही आपल्याकडच्या गणेशोत्सवातील स्पर्धा आठवून पाहा. पाककृती असो की एकांकिका, स्पर्धकाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते आणि परीक्षकाचे मत मात्र त्याच्या खिशातच घरी जाते. पहिला, दुसरा, तिसरा, दोन उत्तेजनार्थ, नारळ, शाल, समाप्त. ज्यांचा क्रमांक लागला नाही, ती चाळीस-पन्नास मंडळी महिनाभर तालमी करून काय शिकली? काहीच नाही, फार तर परीक्षक कोणाच्या ओळखीचे होते याची चर्चा तेवढी शिकली. मंडळांनी यंदा एवढेच करून पाहावे: दर प्रवेशामागे एक कागद, त्यावर पाच ओळी, खाली परीक्षकाची सही, आणि तो कागद स्पर्धकाच्या हाती. सही करावी लागते म्हटल्यावर दोनचार परीक्षक येणार नाहीत. त्यांच्यावाचून उत्सव अडायचा नाही.