माहेर परराज्यात!

मागच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला माहेरी गेले होते. माझं सासर किल्लारीचं आणि माहेर कर्नाटकात, बसवकल्याण तालुक्यातल्या एका खेड्यात. आई स्टँडवर घ्यायला आली होती. गावाकडच्या बसमध्ये आम्ही मायलेकी शेजारी शेजारी बसलो. कंडक्टरनं आईचं आधारकार्ड बघितलं आणि शून्य रुपयाचं तिकीट दिलं. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत तिथल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. माझ्या कार्डावर किल्लारीचा पत्ता, म्हणून मला पूर्ण तिकीट.

आई म्हणाली, ‘‘अरे बाबा, ही माझीच पोरगी हाय. ह्याच गावात जन्मली.’’

तो बिचारा हसला. ‘‘खरं आहे अव्वा, पण कार्ड परराज्याचं आहे.’’

पैसे किरकोळच होते. त्या पोराचीही काही चूक नव्हती. पण मन खट्टू झालं. ज्या गावच्या शाळेत मी मराठीतून बाराखडी गिरवली, त्या गावात आता मी ‘परराज्यातली’!

सीमाभाग म्हटला की सगळ्यांना बेळगावच आठवतं. पण आम्हा लातूर-धाराशिवच्या बायकांची सीमा उमरगा, निलंगा, उदगीरच्या पलीकडं सुरू होते. देगलूर-बिलोलीच्या मैत्रिणींना तेलंगणाची. उमरगा सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात दुकानांच्या पाट्या बदलतात. माणसं मात्र बदलत नाहीत. तीच ज्वारीची भाकरी, तीच शेंगाचटणी, तीच अंबाडीची भाजी. माझी आई घरात मराठी बोलते, बाजारात कानडी आणि बांगडीवाल्या चाचीशी दखनी. कुणी तिला तीन भाषा येतात म्हणून कौतुक केलं तर तिलाच नवल वाटतं.

आपली येळवस बघा. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. भज्जी, आंबिल, खीर, उंडे. पलीकडं हाच सण ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून होतो. कोजागरीच्या सुमाराला कर्नाटकातले हजारो भाविक अनवाणी तुळजापूरला चालत येतात आणि आपण गाणगापूरला दत्ताच्या पायाशी जातो. महात्मा बसवेश्वरांचं बसवकल्याण तर दोन्हीकडच्यांचं.

माझ्या आजीच्या लग्नात ही सीमा नव्हतीच. सगळाच मुलूख निजामाच्या हैदराबादचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन भाग झाले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात, तेलंगण आंध्रात. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर तोवर बिदर जिल्ह्यातच होते. आजही १७ सप्टेंबरला दोन्हीकडं झेंडावंदन होतं. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी विसरू शकत नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. मी तेव्हा चौदा वर्षांची. आमच्या घरातली भांडी खडखडली, सगळे अंगणात धावलो. भूकंपानं राज्य बघितलं नव्हतं. इकडं किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमच्या गावातून भाकरी बांधून माणसं गेली, ती आपल्याच नात्यातली माणसं हुडकायला. सात वर्षांनी मी त्याच किल्लारीत, सरळ रेषेतल्या नव्या घरांच्या गावात सून म्हणून आले.

माझ्या मावसबहिणीची लेक अमेरिकेत एल पासो शहरात राहते. नदी ओलांडली की मेक्सिकोतलं हुआरेझ. ती सांगते, इथल्या कितीतरी बायकांची आई पलीकडं, नातवंडं अलीकडं. पुलावर रांगा, कागद तपासणं, पहारा. ऐकून वाटलं, आपल्या मांजरा नदीवर पहारा नाही हे किती बरं! आपली भिंत आहे ती कागदाची.

आणि ही भिंत जास्त करून बाईलाच आडवी येते. कारण लग्न होऊन रेघ ओलांडते ती बाई. आमच्या बचत गटातल्या एका बाईचं माहेर भालकीकडचं. वीस वर्षं इथं संसार केला. ग्रामपंचायतीत इतर मागास वर्गातल्या महिलेसाठी राखीव जागा निघाली, सगळ्या गावानं तिला उभं राहायचा आग्रह केला. पण तिचा जातीचा दाखला कर्नाटकचा. एका राज्याच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षण मिळत नाही आणि हा दाखला वडिलांच्या कागदांवर निघतो, नवऱ्याच्या नाही. तिचा अर्ज भरलाच गेला नाही. ती म्हणाली, ‘‘ताई, इथं मी तिकडची, तिकडं गेले की इकडची. मग माझं गाव कोणतं?’’ मला उत्तर देता आलं नाही.

प्रत्येक राज्य आपला पैसा आपल्या माणसांवर खर्च करणार, हे मला पटतं. फुकट तिकीट मी मागत नाही. पण मनात आणलं तर मार्ग निघतो. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेत परराज्यात जन्मलेल्या सुनांसाठी नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल अशी सोय केलीच ना? मग सीमेवरच्या तालुक्यांत दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांनी मिळून अशा सुनांच्या बाकीच्या कागदांसाठी एक खिडकी का उघडू नये?

दुसरं गाऱ्हाणं बसचं. २०२२ च्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावकडं वाद पेटला आणि दोन राज्यांमधल्या एसटी थांबल्या. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण तोवर दरवेळी बसच का बंद पडावी? त्या बसमध्ये पुढारी नसतात. बाळंतपणाला निघालेली लेक असते, आजारी आईला बघायला निघालेली बाई असते.

तोवर मैत्रिणींनो, आपल्या हातात आहे ते करू या. लेक सीमेपलीकडं देताना दागिने मोजतो, तसे कागदही मोजा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला लग्नाआधीच काढून तिच्या हाती द्या. लग्नाची नोंदणी लगेच करा. आणि पलीकडून आलेली सून असेल तर तिच्या कागदांची फाईल तिच्याच ट्रंकेत राहू द्या.

परतीच्या वेळी आई माझ्यासोबत किल्लारीला आली. उमरग्याला लालपरीत बसलो. मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं काही न विचारता दोघींना अर्धं तिकीट दिलं. आई खुशीत म्हणाली, ‘‘बघ, तुझ्या गावात मी परकी नाही.’’

तिच्या गावात मला असं कधी म्हणता येईल?